गाडीची आगोट

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी आधी शीर्षकाचा खुलासा करतो. आगोट म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरचे दिवस आणि त्या दिवसांत उरकायची कामं. मे महिना उतरणीला लागला की आमच्या रत्नागिरीकडे घरोघर ही लगबग सुरू होते. लाकडं फोडून आत भरायची, कौलं परतायची, पश्चिमेच्या पडवीला झापांचा आडोसा बांधायचा, वाळवणं डब्यांत जायची. पुढच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळणार असतो. एकदा तो सुरू झाला की राहिलेलं काम राहिलंच.

आमच्या घरी या यादीत आणखी एका कामाची भर असे. नाना, म्हणजे माझे वडील, एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. खिडक्यांचे गज, फाटक, विहिरीचा रहाट, जे जे म्हणून लोखंडाचं ते ते पॉलिश पेपरने घासायचं आणि रेड ऑक्साइडचा हात मारायचा, हा त्यांचा नेम. शेवटी नंबर लागे चेतक स्कूटरचा. पेट्रोल काढून, गोणपाटावर तिला आडवी करून, ब्रशने तिच्या पोटाला ते ऑइल फासत. मी शेजारी डबा धरून उभा. "खारा वारा आहे बाबा हा. तो वरनं दिसत नाही, खालनं खातो," हे वाक्य मी दरवर्षी ऐकलं आणि दरवर्षी दुसऱ्या कानाने सोडून दिलं.

पुढे इंजिनियर झालो आणि २००२ साली एम.एस. करायला मिशिगनला आलो. गंज या विषयावर एक अख्खा कोर्स केला, त्यात 'ए' मिळवला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझ्यासाठीच कोणीतरी करून ठेवली होती हे कळायला मात्र आणखी वीस वर्षं जावी लागली.

मिठावर वसलेलं गाव

डेट्रॉइट ही मोटारींची राजधानी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण या शहराच्या पोटात, जमिनीखाली सुमारे बाराशे फुटांवर, मिठाची प्रचंड खाण आहे हे इथे राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकीही फार थोड्यांना माहीत असतं. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, तो आटला आणि मिठाचे थर मागे राहिले. या खाणीची विहीर १९१० साली तयार झाली. मधली काही वर्षं ती बंद होती, आज पुन्हा चालू आहे, आणि तिथलं मीठ हिवाळ्यात रस्त्यांवर पडतं. म्हणजे वर गाड्या बनवायच्या आणि त्यांना खाणारं मीठ खालून उपसायचं, असा सगळा घरचाच मामला! १९३० साली आमच्या कोकणात शिरोड्याला लोकांनी मूठभर मिठासाठी लाठ्या खाल्ल्या. इथे तेच मीठ ट्रकमधून रस्त्यावर उधळताना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला कसंसंच झालं होतं.

मीठ टाकतात ते बर्फ वितळावा म्हणून. मीठ मिसळलं की पाणी शून्याच्या बरंच खाली गेलं तरी गोठत नाही. पण पारा साधारण उणे नऊ-दहा सेल्सियसच्या खाली उतरला की साध्या मिठाची मात्रा चालेनाशी होते. मग कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइडचं पाणी वापरतात. रस्त्याच्या दृष्टीने हे उत्तम, गाडीच्या दृष्टीने मात्र आणखी वाईट. कारण हे क्षार हवेतली आर्द्रता ओढून घेतात आणि गाडीच्या पोटाशी दिवसच्या दिवस ओले राहतात.

गंजाला तीन गोष्टी लागतात: लोखंड, पाणी आणि प्राणवायू. लोखंडाच्या एकाच पत्र्यावर एका ठिकाणी लोखंड विरघळत असतं आणि दुसऱ्या ठिकाणी प्राणवायू इलेक्ट्रॉन घेत असतो. ही एक छोटीशी बॅटरीच म्हणा ना. साध्या पाण्यात ती मंद चालते. पाण्यात मीठ आलं की वीज वाहायला रस्ता मिळतो आणि बॅटरी जोरात चालू लागते. शिवाय मिठातलं क्लोराइड धातूवरचा संरक्षक थर फोडतं. आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. म्हणून तो फुगतो, पापुद्रा सुटतो, खालचं ताजं लोखंड उघडं पडतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अॅल्युमिनियमवर बसणारा थर धातूला झाकून ठेवतो. लोखंडाचा गंज आपल्याच धन्याला उघडं पाडतो.

नानांची पाहणी

२०१३ च्या उन्हाळ्यात आई-नाना सहा महिन्यांसाठी इकडे आले. तेव्हा आमच्याकडे २००८ चं मॉडेल असलेली एक सेडान होती. गाडीवर माझं फार प्रेम. दर शनिवारी धुणं, दोन महिन्यांनी वॅक्स. नानांनी पहिल्याच आठवड्यात गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेट उघडून इंजिनाला मान डोलावली आणि मग धोतर आवरून ड्राइव्हवेवर चक्क आडवे झाले. शेजारचा गोरा म्हातारा काळजीने धावत आला. त्याला वाटलं यांना काही झालं!

"अरे, हिचं पोट कधी बघितलंस काय रे?" खालून आवाज आला.

मी त्यांना उभ्या-उभ्या लेक्चर दिलं. नाना, ही तुमची चेतक नव्हे. आता पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. त्यावर अख्खी बॉडी रंगाच्या टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने रंगाचा थर चढवतात, तो सांदीकोपऱ्यांत पोचतो. काळजीचं कारण नाही.

नाना शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "स्वतः झिजतं म्हणतोस. मग झिजून संपल्यावर?"

मी म्हटलं, "पुष्कळ वर्षं पुरतं."

ते काही बोलले नाहीत. दुपारी आम्ही झोपल्यावर त्यांनी एक जुना हँगर सरळ केला आणि दाराखालच्या पत्र्याच्या कडेला जी बारीक भोकं असतात, पाणी निचरून जावं म्हणून ठेवलेली, ती एकेक करून मोकळी केली. एका भोकातून पेलाभर लालसर पाणी निघालं. ते त्यांनी जपून एका प्लॅस्टिकच्या वाटीत धरून मला संध्याकाळी दाखवलं. "हे तुमचं जस्त," एवढंच म्हणाले. बायको हसली. मीही हसलो. ऑइल आणि ब्रश आणायची त्यांची सूचना मात्र, ड्राइव्हवेवर डाग पडतील, आमच्या सबडिव्हिजनमध्ये असलं चालत नाही, असं म्हणून मी धुडकावून लावली.

फेब्रुवारी २०२२

पुढची नऊ वर्षं गाडीने कुरकूर केली नाही. मोठ्या मुलीला सोळावं लागलं, लायसन्स मिळालं, आणि गाडी तिच्याकडे द्यायची असं ठरलं. सोमवारपासून ती एकटी हायवेने शाळेत जाणार होती. आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, टायरमधली हवा बघून यावी म्हणून मी गाडी बाहेर काढली. ड्राइव्हवेवरून मागे घेताना ब्रेक दाबला आणि पेडल सरळ तळाला गेलं.

आमचा ड्राइव्हवे उतरता आहे. गाडी मागे चालली होती. मी पुन्हा दाबला, हँडब्रेक ओढला, आणि आमच्याच टपालपेटीच्या खांबाला टेकून गाडी थांबली. खांब वाकला. बर्फावर मागे एक ओली रेघ उमटली होती, ब्रेक फ्लुइडची.

गॅरेजवाल्याने गाडी लिफ्टवर चढवली आणि मला खाली बोलावलं. मागच्या चाकांकडे जाणारी ब्रेकची पोलादी नळी पेट्रोलच्या टाकीच्या वर, क्लिपमध्ये जिथे चिखल आणि मीठ साठतं तिथे फुटली होती. या नळीची भिंत पाऊण मिलिमीटरहूनही कमी जाडीची असते, तिला संपायला कितीसा वेळ लागणार? ब्रेकची दोन स्वतंत्र वर्तुळं असतात म्हणून निम्मे ब्रेक शाबूत होते. गाडी थांबली ती त्यांच्यावर आणि हँडब्रेकवर. मग त्याने स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि मागची चाकं ज्या सांगाड्यावर बसवलेली असतात त्या सबफ्रेमवर सहज टेकवला. तो आरपार गेला. त्याने जोरही लावला नव्हता.

"इंजिन अजून दहा वर्षं चालेल," तो म्हणाला, "पण ते ठेवायला गाडी उरलेली नाही."

वरून कीर्तन, आतून तमाशा! वॅक्स केलेला रंग अजून आरशासारखा चमकत होता. त्या चमकत्या गाडीत दुसऱ्या दिवशी माझी मुलगी ताशी सत्तर मैलांनी जाणार होती. त्या रात्री मला झोप आली नाही. मिशिगनमध्ये खाजगी गाड्यांची दरवर्षी सक्तीची तपासणी नाही. म्हणजे गाडीच्या पोटाखाली बघणं हे माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाचंच काम नव्हतं. आणि मला ते कोणी सांगितलं नव्हतं असंही नाही. अमेरिकेच्या रस्ता-सुरक्षा खात्यानेही २०१५ साली बर्फाळ राज्यांतल्या जुन्या गाड्यांच्या मालकांना सल्ला दिला होता की गाडी खालून धूत जा आणि ब्रेकच्या नळ्या तपासून घ्या. मी तो वाचलाही होता.

गाडी भंगारात गेली. नानांना फोनवर सगळं सांगितलं. मला वाटलं बोलतील. ते म्हणाले, "पोर ठीक आहे ना? मग झालं तर." आणि थोड्या वेळाने, "आता पुढच्या गाडीचं बघ."

पुढच्या गाडीचं

बैल गेला नि झोपा केला खरा. पण दुसऱ्या बैलासाठी तरी झोपा हवाच. त्यानंतर जे शिकलो ते मंडळींच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, बघणं. हिवाळा संपल्यावर गाडी लिफ्टवर चढवलेली असताना, ऑइल बदलताना म्हणा, गॅरेजवाल्याला सांगून स्वतः खाली उभे राहा. टॉर्च घ्या. नुसता लालसर थर असेल तर घाबरू नका, तो वरवरचा असतो. पापुद्रे सुटत असतील तर सावध व्हा. संशय येईल तिथे स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. बाजारात आपण नारळ वाजवून घेतो तसंच. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर आतून गेलंय. फ्रेमला भोक पडलं असेल तर त्यावर रंग किंवा लांबी लावून समाधान करून घेऊ नये. ते जाणत्या वेल्डरचं काम आहे, किंवा मग भंगारवाल्याचं. ब्रेकच्या नळ्या बदलायची वेळ आली तर तांबं-निकेलच्या मिश्रधातूच्या नळ्या मागा. त्या मिठाला दाद देत नाहीत.

दुसरी, धुणं. हिवाळ्यात पारा शून्याच्या वर गेला की गाडी खालून धुवून घ्या. बॉडी नंतर धुतली तरी चालेल, पोट आधी. आणि एक गंमत सांगतो. गाडीला थंडी वाजू नये म्हणून आपण तिला उबदार गॅरेजमध्ये ठेवतो. पण बाहेर कडाक्याच्या थंडीत गोठलेलं मीठ जवळजवळ झोपलेलं असतं. गॅरेजच्या उबेत ते वितळतं आणि कामाला लागतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. मीठ न धुता उबेत ठेवलेली गाडी बाहेरच्या गाडीपेक्षा लवकर सडते, ती अशी.

तिसरी, लेप. यात दोन पंथ आहेत. एक डांबरासारख्या किंवा रबरी जाड थराचा. नव्या कोऱ्या, स्वच्छ पत्र्यावर तो ठीक. पण जुन्या गाडीवर, गंज आत ठेवून तो लावला, किंवा पुढे त्याला तडा गेला, की पाणी थराच्या मागे शिरतं आणि बाहेर पडत नाही. वरून सगळं काळंभोर नि छान दिसतं, आत नासाडी चालू. दुसरा पंथ तेलाचा किंवा लोकरीच्या मेणाचा, ज्याला लॅनोलिन म्हणतात. हा लेप वाळून कडक होत नाही, सांदीत झिरपतो, ओरखडा पडला तर आपोआप भरून येतो. तोटा एवढाच की तो धुपतो, म्हणून दरवर्षी लावावा लागतो. दीड-दोनशे डॉलरमध्ये दुकानवाले करून देतात. डेट्रॉइटमध्ये कुर्ट झीबार्ट नावाच्या जर्मनीहून आलेल्या मेकॅनिकच्या पद्धतीवर १९५९ साली कंपनी उभी राहिली, इतका हा धंदा इथला जुना आहे.

चौथी, विजेची डबी. बॅटरीला जोडा, गंज थांबेल, अशी एक वस्तू मला दोनदा विकायचा प्रयत्न झाला. जहाजाला आणि जमिनीतल्या पाइपलाइनला ही युक्ती लागू पडते, कारण ती सतत पाण्यात किंवा ओल्या मातीत असतात आणि वीज फिरायला वाट मिळते. गाडी हवेत उभी असते. तिच्याभोवती समुद्र नाही. पैसे वाचवा.

मी स्वतः तेलाच्या पंथातला. २०२२ मध्ये दक्षिणेतल्या एका राज्यातून, जिथे रस्त्यावर मीठ पडत नाही, तिथली वापरलेली गाडी आणली. दर ऑक्टोबरात, पहिला बर्फ पडायच्या आधी, एक कोरडा शनिवार ठरवतो. आदल्या आठवड्यात गाडी खालून धुवून पूर्ण वाळवायची. सैल गंज तारेच्या ब्रशने काढायचा. गाडी पक्क्या स्टँडवर ठेवायची. नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, हे हात जोडून सांगतो. डोळ्यांवर चष्मा, खाली पुठ्ठे. मग फवारा: फ्रेमच्या पोकळ्यांत लांब नळीने, दाराखालच्या पत्र्यात, जोडांवर, ब्रेकच्या नळ्यांवर. ब्रेकच्या चकत्या, पॅड आणि सायलेन्सर यांना थेंबही लागू द्यायचा नाही, रबरी बुशही जमेल तितके टाळायचे. निचऱ्याची भोकं उघडी ठेवायची. नानांच्या वेळचं जळकं ऑइल मात्र वापरत नाही. ते पावसाबरोबर नाल्यात आणि नाल्यातून आपल्याच तळ्यांत जातं.

या कामाला मुलगी असते. पहिल्या वर्षी ती नाक मुरडत आली. आता हँगर तीच सरळ करते. आणि पुठ्ठ्याच्या खोक्याला टेकवलेल्या फोनमधून रत्नागिरीहून नाना देखरेख करतात. "त्या कोपऱ्यात मार गो. तिथे नाही, वर. हां!"

आणि स्लॅबचं

इथे लेख संपायला हरकत नव्हती. पण २०२३ च्या डिसेंबरात आम्ही घरी गेलो होतो. मागच्या खोलीचं दार बंद. आई म्हणाली, सामान ठेवलंय. मी सहज उघडलं. स्लॅबचा गिलावा परातीएवढा पडला होता आणि आतल्या सळ्या उघड्या, तांबड्यालाल, सालपटं सुटलेल्या. १९८८ साली ती खोली बांधली तेव्हा खाडीची वाळू वापरली होती. वाळूतलं मीठ आणि वरून खारा वारा. सळी गंजते, फुगते आणि सिमेंट फोडून बाहेर येते. तेच क्लोराइड, तीच बॅटरी. फरक इतकाच की त्या छपराखाली आई-नाना राहत होते.

"नाना, हे कधीपासून?"

"झाली दोन वर्षं."

"आणि मला फोनवर दर रविवारी सगळं ठीक आहे म्हणून सांगत होतात?"

नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तू तिकडे. तुला सांगून काय करायचं? उगाच जिवाला घोर."

ज्या माणसाने जन्मभर प्रत्येक वस्तूचं पोट बघितलं, त्याने स्वतःच्या डोक्यावरचं मात्र मुलापासून झाकून ठेवलं होतं. आणि मी? दर रविवारी "कसे आहात?" विचारायचं, "ठीक" ऐकायचं आणि फोन ठेवायचा. दर शनिवारी वॅक्स लावण्यासारखंच ते.

मी सुट्टी तीन आठवडे वाढवली. सैल काँक्रीट ठोकून काढलं, सळ्या घासून गंजरोधक लावलं, ज्या अगदी बारीक झाल्या होत्या तिथे नव्या जोडल्या आणि माहीतगार माणसाकडून पुन्हा भरून घेतलं. नाना खुर्ची टाकून समोर बसले होते आणि मिस्त्रीला सूचना देत होते. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाचा आवाज इतका खणखणीत लागेल असं त्या मिस्त्रीलाही वाटलं नसावं.

आता आमचा एक करार झाला आहे. वर्षातून दोनदा तपासणी: त्यांची मे महिन्यात, माझी ऑक्टोबरात. गेल्या मे महिन्यात मी व्हिडिओ कॉलवर म्हटलं, "नाना, ठीक-बीक राहू दे. फोन वर करा आणि मागच्या खोलीचा स्लॅब दाखवा. कोपरेसुद्धा."

त्यांनी दाखवला. सावकाश, चारी कोपरे. मग चष्मा नीट करून म्हणाले,

"झालं समाधान? आता तू खाली वाक आणि गाडीचं पोट दाखव."

मी म्हटलं, "नाना, माझी पाळी ऑक्टोबरात."

"असू दे," नाना म्हणाले. "हिवाळ्याने काय खाऊन ठेवलंय ते आत्ताच दिसतं."

मी टॉर्च आणायला गेलो.